मूठभर ओलं गवत

सरकारी दवाखान्याच्या फरश्या तीस वर्षं पुसून निवृत्त झालेल्या बाईच्या घरात दोन सशांनी जागोजागी मुतावं? गल्लीत तिला फिनेलमावशी म्हणत. तिची फरशी ओली असली की मोठे डॉक्टरसुद्धा भिंतीला चिकटून जायचे.

ससे तिचे नव्हतेच. नवऱ्याशी काडीमोड घेऊन लेक माहेरी आली ती एक बॅग आणि हे दोन सख्खे भाऊ घेऊन. दोघंही नर, एक पांढरा, एक करडा. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन कधीच झालेलं, दोन वर्षं एका पिंजऱ्यात गुण्यागोविंदानं राहिलेले. गवत घातलेल्या पाटीतच सगळं उरकतात, असं लेक शपथेवर सांगायची.

"तिकडं उरकत असतील! इथं माझ्या डोक्यावर मिरी वाटायला बसलेत," मावशी कडाडायची.

पाटी ती दिवसातून दोनदा घासायची. फिनेल, कढत पाणी, वर ऊन. तरी पाटी कोरडी ठणठणीत, आणि मूत दाराशी, गादीच्या कोपऱ्यात, तिच्या चपलेत. लेंड्यांचा तर सडा. जितकं घासावं तितका त्या दोघांना जोर चढायचा. वर एकमेकांचे केस उपटायचे ते वेगळंच.

मंगळवारी पांढरा मुतात बसलेला दिसला आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानगूट धरून तिनं त्याला साबणाच्या फडक्यानं खसाखसा पुसला आणि पिंजऱ्यात सोडला. करड्यानं त्याला हुंगलं, नि दुसऱ्या क्षणी त्याचा कान फाडला.

लेक कामावरून आली तर पिंजऱ्यात रक्त.

"रविवारपर्यंत यातला एक घराबाहेर गेला पाहिजे," मावशीनं सांगून टाकलं.

"एक गेला तर दुसरा झुरून मरेल, आई. मग मी दोघांना घेऊनच जाते."

"जा की! तुला कोणी धरून ठेवलंय?"

बोलली खरी, पण लेक बॅगेकडं बघायला लागली तशी मावशीनं ती पायानं खाटेखाली सारली. त्याचाही तिला रागच आला.

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं कानाला टाके घातले, सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "मावशी, चूक सशांची नाही. तुम्ही फार स्वच्छ आहात."

"काय म्हणालास?"

"हे वासावर घर ओळखतात. तुम्ही रोज त्यांचं घर पुसता, ते रोज नव्यानं मुतून आपला हक्क सांगत सुटतात. आज तर भाऊच पुसलात. करड्याला वाटलं, परका घुसला. पाटीत मूठभर ओलं गवत राहू द्या, वर ताजं घाला. खाता खाता तिथंच करतील. बाहेरचं मात्र व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा, वास राहता कामा नये. आणि चार-पाच दिवस दोघांच्या मध्ये जाळी लावा, एकमेकांचा वास परत ओळखीचा होईल."

"तीस वर्षांत मला घाण ठेव म्हणणारा माणूस जन्मला नव्हता," मावशी रस्ताभर फणफणत होती. "कालचं पोर!"

पण जाळी लागली. दोन्हीकडच्या पाट्यांत ओलं गवत राहिलं. लेक ते ठेवायची तेव्हा मावशी नाकाला पदर लावून पाठ फिरवायची. तिसऱ्या दिवशी दाराशी काही नव्हतं. चौथ्या दिवशी चप्पल कोरडी निघाली. मावशी आणखीच भडकली.

रविवारी लेकीनं जाळी काढली. हातात जाड टॉवेल, भांडले तर मध्ये घालायला. करडा पुढं सरकला. पांढऱ्यानं मान खाली घातली. करड्यानं त्याचा टाक्यांचा कान हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि चाटायला लागला. मग दोघं एकाच पाटीत शिरून गवत चघळत बसले.

"आई, बघ ना!"

"बघतेय. आंधळी नाही मी. राहू देत दोघं. पण त्या घाणीला माझा हात लागायचा नाही, सांगून ठेवते."

सोमवारी लेक कामावर गेली. मावशीनं पाटी रिकामी केली, घासली नाही. मग दोन बोटांच्या चिमटीत ओलं गवत उचलून पाटीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि कंपाउंडरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.