चार पॉइंट पन्नासचे छर्रे

नातीच्या छर्ऱ्यांचा डबा माझ्या हातून पडला. फडताळ पुसताना कोपर लागलं आणि पाचशे छर्रे फरशीवर सांडले. वर मी ते झाडूने गोळा केले. ती खरी चूक. शिसं मऊ असतं, कडा दबते, आणि दबलेला छर्रा भलतीकडे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या एअर रायफल संघाची निवड होती. नात शाळेत होती. मी रिकामा डबा पिशवीत टाकला आणि भोसरीहून बस धरून वाकडला खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेले.

दारावरचा वॉचमन म्हणाला, “आजी, चालायचे बूट डावीकडं.”

“बूट नकोत. बंदुकीचे छर्रे कुठं हायेत?”

त्याने माझी पिशवी पुन्हा तपासली.

काउंटरवर एक पोरगी होती. बोलण्यावरून मराठवाड्यातली. “काय बघायलात आजी?” मी डबा पुढे केला. चपट्या तोंडाचे, चार पॉइंट पन्नास मिलिमीटरचे.

“पन्नास संपलेत. एकोणपन्नास देऊ का? एवढ्याशानं काय होतंय?”

“दहा मायक्रॉनचा फरक हाय तो,” मी म्हणाले. “पंचवीस वर्षं भोसरीत वर्कशॉपात पार्ट तपासलेत मी. दहा मायक्रॉननं अख्खा ट्रे परत यायचा, आन् वर शिव्या. माझ्या नातीच्या बंदुकीला पन्नासच लागतो.”

पोरगी हसली. “माझे पप्पा चाकणला कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर आहेत. घरी पण असंच बोलतात.” मग ती नीट कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली. एक डबा शिल्लक दिसत होता, पण मांडणीवर नव्हता. आम्ही दोघी शोधायला लागलो. मासे धरायचे गळ, कॅरमच्या सोंगट्या, सायकलचे दिवे, सगळं उलथंपालथं केलं. माझे गुडघे दुखायचे विसरले. शेवटी मागच्या खोलीत, परत आलेल्या मालाच्या टोपलीत तो सापडला. सील तुटलेलं.

मॅनेजर धावत आला. “हा विकता येणार नाही. कुणीतरी उघडून परत केलाय. आतले खराब असतील.”

“असतील तर मी निवडते.”

“मावशी, पाचशे आहेत.”

“मग खुर्ची द्या.”

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी काउंटरच्या काचेखाली पावतीचं पुस्तक सरकवून ती जरा तिरकी केली आणि वरून एकेक छर्रा घरंगळत सोडायला लागले. छर्ऱ्याची मागची कड रुंद असते, म्हणून तो सरळ जात नाही, कमानीसारखा वळतो. चांगल्या मालाची कमान सारखी येते. दबलेला मध्येच अडखळतो नाहीतर लवकर वळतो. पोरगी खालच्या बाजूला हात धरून बसली. मी म्हणायचे “पास”, ती एका वाटीत टाकायची. “बाद” म्हटलं की दुसऱ्या वाटीत.

बॅडमिंटनची रॅकेट घ्यायला आलेले एक गृहस्थ थांबले. त्यांची बायको थांबली. वॉचमनही दार सोडून आला. “आजी, तो अडखळला,” तो म्हणाला.

“तू दार सांभाळ. मला दिसतंय.”

पन्नास झाले, शंभर झाले. माझे कान गरम झाले होते. वर्कशॉप सोडल्यावर इतकी मजा मला कशातच आली नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही. दीडशे पास झाल्यावर मी थांबले. सराव धरून तेवढे पुरणार होते. मॅनेजरने माझ्याकडून “परत करणार नाही” असं लिहून घेतलं. मी सावकाश सही केली. तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडे नोकरी करता का?”

“खुर्ची असली तर बघू.”

घरी मी नातीला सगळं खरं सांगितलं. ती आधी भडकली. मग तिने एकेक छर्रा दिव्यापुढे धरून पाहिला आणि त्यातले तीन फेकले. मी वाद घातला नाही.

निवडीच्या ठिकाणी मला आत सोडलं नाही. दुपारी भिंतीवर यादी लागली तेव्हा मी कोपरांनी वाट काढत सगळ्यांच्या पुढे गेले. आठ मुली घेतल्या होत्या. मी वरून बोट लावत, अक्षर जुळवत वाचायला लागले. मागच्या बाई म्हणाल्या, “अहो आजी, सरका की जरा.”

“थांबा,” मी म्हणाले, “आठवं नाव वाचतीय. माझ्या नातीचं हाय.”