खणणीचे अकरा दिवस

२ मार्च १८७४. सात माणसे.

हामरागिल गावात पंधरा वर्षांवरचे पुरुष तेवढेच होते, आणि गावाची एकमेव नाव त्या सकाळी त्या सगळ्यांना घेऊन मासेमारीला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्या नेसविकच्या किनाऱ्याला उलटी लागली. दोन प्रेते मिळाली, पाच समुद्राने ठेवून घेतली. मागे उरल्या सहा बायका, एक म्हातारी आणि नऊ मुले.

फेरो बेटांवरच्या चर्चच्या वह्यांत अशा नोंदी पुष्कळ आहेत. पाद्री तारीख लिहितो, आकडा लिहितो आणि पान उलटतो. मला जे लिहायचे आहे ते पान उलटल्यानंतरचे आहे, आणि त्या सहा बायकांपैकी एकीचे आहे. तिचे नाव एल्स्पा. वय चौतीस. तिचा नवरा दानियल परत न मिळालेल्या पाचांत होता.

नवव्या दिवशी आमचे लोक दोन नावा घेऊन हामरागिलला गेले. गावाचा पुढारी हानुस बरोबर होता, आणि एका वल्ह्यावर माझे आजोबा होते. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. नावेत लोकरी घोंगड्या होत्या, मुलांसाठी दुधाची बरणी होती. नेसविकमध्ये प्रत्येक घराने एकेक बाई आणि तिची मुले सामावून घ्यायची, असे आदल्या रविवारी ठरले होते. हा दयाळूपणा खोटा नव्हता, हे आधीच सांगायला हवे. खोटा असता तर त्याचा हिशोब सोपा झाला असता.

बाकीच्या बायका गाठोडी बांधून किनाऱ्यावर उभ्या होत्या. एल्स्पा गुडघाभर पाण्यात समुद्रशेवाळ ओढत होती. शेतात खत म्हणून तेच पडते.

"एल्स्पे, गाठोडं कुठंय तुझं?" हानुसने विचारले.

"तुमच्या कुदळी कुठायत, हानुसकाका?"

"कुदळी?"

"दोन नावा आणल्यात. घोंगड्या आणल्यात, दूध आणलंय. कुदळ मात्र एकही दिसत नाही."

ती काय म्हणते आहे हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला कळले होते. ज्या गावाची नाव बुडते त्या गावाची शेते त्या वसंतात शेजारच्या गावाने खणून द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज कायद्याहून जुना आहे. एकवीस वर्षांपूर्वी नेसविकचे पाच जण बुडाले होते. तेव्हा हामरागिलचे आठ पुरुष डोंगर ओलांडून आले, अकरा दिवस खणत राहिले आणि आभार ऐकायला न थांबता परत गेले. एल्स्पाचा सासरा त्या आठांत होता.

"ते वेगळं होतं, पोरी," हानुस म्हणाला. "आमचे पाच गेले, पण नऊ उरले होते. गाव जितं होतं. इथं खणायचं ते कुणासाठी? कापणार कोण? नाव पाण्यात लोटणार कोण?"

"तेव्हा तुम्हाला असं कुणी विचारलं नव्हतं."

भिंतीला टेकून बसलेली तिची सासू रान्वा तेवढ्यात बोलली. ती त्र्याहत्तर वर्षांची होती. "मला नेतोस का रे, हानुस? ने. पण तुझ्या बायकोला विचारून आलायस ना? तिची आई भाकरीचे तुकडे मोजून वाढायची. पोरगी आईवर गेलीय असं ऐकते."

वल्ह्यांवरचे काही जण हसले. हानुससुद्धा किंचित हसला, मग पुन्हा एल्स्पाकडे वळला. "हा नुसता हट्ट आहे. तुझ्या सिग्गाचा तरी विचार कर."

"तोच करतेय. नऊ वर्षांची आहे ती. कुठं झोपवाल तिला?"

"आमच्याकडं चुलीमागं जागा आहे. ऊब असते तिथं."

"ठाऊक आहे मला," एल्स्पा म्हणाली. "पंधरा वर्षं तिथंच झोपलेय मी."

ती हानुसच्याच घरी सातव्या वर्षी कामाला आली होती आणि बाविसाव्या वर्षी दानियलशी लग्न करून बाहेर पडली होती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आमच्याकडे स्वतःची चूल नसते. तो दुसऱ्याच्या चुलीमागे जन्म काढतो, आणि त्याला कोणी उपाशी ठेवत नाही, मारतही नाही. त्याला फक्त कधीच काही विचारले जात नाही. एल्स्पाला मुलीसाठी काय नको होते हे इतके साधे होते.

जमीन राजाची होती आणि कसणाऱ्याकडे राहत होती. मे महिना संपेपर्यंत जे शेत पेरले जाणार नाही ते, डोंगरावरच्या कुरणातल्या त्याच्या वाट्यासह, पेरू शकणाऱ्या शेजारच्या गावाकडे जाई. हामरागिलची शेते चार होती. त्यांचे कुरण आमच्या कुरणाला लागून होते आणि आमच्यापेक्षा चांगले होते. त्या दिवशी किनाऱ्यावर हे कोणी बोलले नाही. आदल्या रविवारीही बोलले नव्हते. आजोबांचे म्हणणे असे की बोलण्याची गरजच नव्हती, प्रत्येक जण ते दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचून नजर खाली घालत होता.

चार बायका मुलांसह आमच्या नावांत बसल्या. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मालान नावाची एक, मूलबाळ नसलेली, एक पाय नावेत टाकून थांबली, एल्स्पाकडे बघत राहिली आणि परत उतरली. "तुझ्याशी बोलायला कोणीतरी हवं," ती म्हणाली. "नाहीतर म्हातारी तुझा जीव खाईल."

आठ पुरुषांचे अकरा दिवसांचे काम दोन बायकांनी हाती घेतले. आमची जमीन नांगराला दाद देत नाही. उतारावरची हिरवळ पायाने कुदळ दाबून पट्ट्यापट्ट्याने कापायची, उलटी करायची, खाली शेण आणि शेवाळ भरायचे, मग वरची ढेकळे हाताने फोडायची. मार्चअखेरपर्यंत माती गोठलेली होती. शेवाळ पाठीवरच्या टोपलीतून वर न्यायचे, टोपलीचा पट्टा कपाळावरून. रान्वा शेतातच घोंगडीवर बसून ढेकळे फोडी, सिग्गा दगड वेचून बांधावर टाकी. खायला वाळवलेले मांस आणि सुके मासे होते, तेही पुरवून. बियाण्याच्या सातूला मात्र कोणी हात लावला नाही. रान्वा पिशवी उशाला घेऊन झोपे आणि सकाळी सांगे, "आज रात्री मला भाकरीचं स्वप्न पडलं. चव घेतली आणि परत ठेवली."

पहिले शेत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाले. त्याच आठवड्यात मालानला ताप चढला. तीन दिवसांत तिला श्वास पुरेना. नाव नव्हती, असती तरी लोटायला माणसे नव्हती. एल्स्पाने पहाटे तिला शेवाळाच्या टोपलीत बसवले, पट्टा कपाळावर घेतला आणि डोंगर चढायला लागली. खिंडीत अजून मांडीइतके बर्फ होते. धडधाकट माणसाला ती वाट अडीच तासांची आहे. एल्स्पा दुपार उलटल्यावर हानुसच्या दारात पोचली. पट्ट्याने कपाळाची कातडी सोलली होती.

मालानला लगेच अंथरुणावर निजवले. एल्स्पाला गरम दूध दिले. ते पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "अकरा दिवस, हानुसकाका. आठ जण नकोत. चार द्या."

खोलीत गावातले बहुतेक पुरुष होते.

"तू आता राहा इथंच," हानुस म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "म्हातारीला आणि पोरीला उद्या नाव पाठवून आणू. किती सोसायचं माणसानं?"

"सोसण्याचं विचारत नाहीये मी. खणण्याचं विचारतेय."

"आमचीही शेतं आहेत, एल्स्पे. आमचीच अजून अर्धी बाकी आहेत."

हे खरे होते. त्या वर्षीही ते खरे होते आणि एकवीस वर्षांपूर्वी हामरागिलच्या लोकांच्या बाबतीतही ते तितकेच खरे असणार. एल्स्पा ते म्हणाली नाही. ती मालानजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात धरला आणि सकाळी उजाडताच निघाली, कारण मागे एक म्हातारी आणि एक लहान मुलगी एकट्या होत्या.

माझे आजोबा तिची रिकामी टोपली घेऊन खिंडीपर्यंत गेले. तिथे तिने टोपली मागून घेतली.

"पुढं येतोस?" तिने विचारले.

"गुरं आहेत घरी," ते म्हणाले.

"बरं. हानुसकाकांकडं सांग, मालानला पाणी कोमट करून द्या म्हणावं."

म्हातारपणी आजोबा हे सांगताना एकाच गोष्टीपाशी अडत. निघताना कुदळ दाराशीच होती. ती उचलली असती तर गल्लीतल्या सगळ्यांना दिसले असते, म्हणून उचलली नाही. घाबरायला समोर कोणी शत्रू नव्हता. होते ते आपलेच काका, आपलेच शेजारी. मनुष्य समुद्राला तोंड देतो आणि शेजाऱ्याच्या नजरेपुढे मोडतो, हे मी पुस्तकांत बरेच नंतर वाचले. घरात ते आधीच ठाऊक होते.

मालान तिसऱ्या दिवशी गेली. तिला आमच्या दफनभूमीत पुरले. एल्स्पाला निरोप पोचायला आठ दिवस लागले.

त्यानंतरचे खणणे तिचे एकटीचे. दुसरे शेत अठ्ठावीस मे रोजी पेरून झाले. तिसऱ्याच्या वरच्या अंगाला तिने चार पट्टे उलटले होते, तेवढ्यात महिना संपला. जूनअखेर राजाचा अंमलदार आला. तो न्यायी माणूस होता. त्याने मोजले. दोन शेते पेरलेली, ती एल्स्पाच्या नावे राहिली. दोन न पेरलेली, ती कुरणाच्या वाट्यासह नेसविककडे आली. चार पट्ट्यांचे काय, असे तिने विचारले. चार पट्टे म्हणजे शेत नव्हे, असे त्याने समजावून सांगितले. त्या शरद ऋतूत गारा पडल्या आणि सातू हिरवाच कापून भट्टीवर वाळवावा लागला.

रान्वा पुढच्या हिवाळ्यात वारली. एल्स्पा तिथे आणखी एकतीस वर्षे राहिली. सिग्गाने शेजारच्या बेटावरचा नवरा केला. तो हामरागिलला राहायला आला, आणि स्वतःच्या चुलीपुढे सिग्गाने तीन मुले वाढवली. ती मुले मासेमारीच्या मोठ्या जहाजांवर गेली आणि परतली नाहीत, कोणी समुद्रामुळे, कोणी दुसरीकडे संसार थाटल्यामुळे. आज त्या गावात कोणी राहत नाही. तिथले गवत आमच्या मेंढ्या खातात.

आमच्या गावात एल्स्पाचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या चिकाटीवर पाद्री प्रवचनात बोलले आहेत, मुलांना तिची गोष्ट सांगितली जाते, आणि त्या गोष्टीत ती खिंड चढते, आपण कुठेच नसतो. सोसणाऱ्याची स्तुती करणे हा त्याला मदत न केल्याचे विसरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. म्हणून इथे स्तुती लिहीत नाही.

१८५३ च्या वसंतात हामरागिलच्या आठ माणसांनी आमची शेते अकरा दिवस खणली. ती खणणी नेसविकने आजवर फेडलेली नाही.