आबांनी न पाहिलेलं गाव

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास वैशालीचा फोन आला. "काका, बाबा फोन उचलत नाहीयेत. आज रविवार आहे ना…" शेजारच्या आबांची ही मुलगी झेक देशातल्या एका लहानशा बाजाराच्या गावात इंजिनिअर आहे. फोन तसाच कानाला लावून मी निघालो. आमच्या दोन घरांत जेमतेम एक गल्ली; ती कशी ओलांडली, आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. दिनकर आबा पलंगावर उशीला टेकून बसल्यासारखे होते. हात लावला तेव्हा कळलं… आणि पलीकडून वैशाली विचारत होती, "काका, काय झालं? बोला ना!"

दीड महिना झाला, तरी त्या क्षणी मी काय बोललो ते मला नीट सांगता येत नाही.

आबा सरकारी मोजणीदार. उभ्या खानदेशात जमीन मोजायची साखळी ओढत हिंडलेला माणूस. मी शिक्षक; निवृत्तीनंतर जळगावात आमचा शेजार जुळला. वहिनी आधीच गेल्या होत्या. वैशालीला तिकडे नोकरी लागली तेव्हा लोकांनी पगार विचारला, थंडी विचारली. आबांनी विचारलं, "गावाचा उतार कोणीकडे आहे?" तिला सांगता येईना. मग हे स्वतःच बसले. फोनवर तिथलं काहीबाही मराठीत भाषांतर करून वाचायचे आणि रोज फिरताना मला ऐकवायचे. कुठल्याशा राजाने आठवड्याचा बाजार भरवायची परवानगी दिली आणि गाव वाढलं. "आपल्या चाळीसगावचंच बघा ना सर, बाजारानं गाव धरून ठेवलं." मधोमध फरसबंद चौक, भोवती कमानींची घरं. चौकात उंच दगडी खांब, वर मेरीमातेची मूर्ती. प्लेगमधून जे वाचले त्यांनी उभारलेला. टेकडीवर चर्च, खाली नदी, तिच्यावर दगडी पूल. नगरपालिकेच्या भिंतीवर जुन्या पुराच्या पाण्याची रेघ कोरलेली होती. आबा त्या रेघेपाशी अडकले. वैशालीची खोली नदीकाठच्या गल्लीत होती, तळमजल्यावर.

त्यांच्या भीतीचं मूळ मला माहीत होतं. धुळ्याकडे पांझरेच्या काठी त्यांचं घर. लहानपणी पाणी चढत असताना वडील म्हणाले होते, आपल्या ओट्यापर्यंत कधी येत नाही. त्या पुरात आबांची धाकटी बहीण गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

तिकडे सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा ते भर दुपारी माझ्याकडे आले. फोन कानालाच होता. "वैशू, त्या रेघेपेक्षा तुझी खोली खाली आहे. चर्चजवळ तुझी मैत्रीण राहते ना, तिच्याकडे जा."

"बाबा, इथल्या लोकांना काही कळत नाही का? कोणीच घर सोडत नाहीये."

"माझ्या बापानं पण हेच म्हटलं होतं!" आबा ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि घरमालकीण म्हातारी आहे, तिलाही ने."

तिने रागानेच फोन ठेवला. त्यानंतर दीड दिवस तिचा फोन लागला नाही. आबा माझ्या ओसरीवर बसून राहिले. बायकोने भाकरी वाढली, ती तशीच वाळली. मधेच माझा हात धरून म्हणाले, "सर, मन्ही पोर तठे एकली शे." पोर तिथे एकटी आहे, हे सांगताना बाहेर शुद्ध मराठी बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी घरची अहिराणी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. तळमजला छतापर्यंत चिखलाने भरला होता. ती आणि म्हातारी, दोघी चर्चच्या टेकडीवर सुखरूप होत्या.

वाटलं होतं, आता भीती जाईल. ती वाढली. आबा दिवसातून तीन-तीनदा फोन करू लागले. तिचं काम अडायचं. शेवटी तिने मला गळ घातली आणि मीच आबांना म्हणालो, "पोरीला जरा मोकळं सोडा. रविवारचा रविवार बोला." त्यांनी मान डोलावली. शब्द पाळला… शेवटपर्यंत पाळला.

दिवसकार्याला वैशाली आली. सगळे गेल्यावर म्हणाली, "काका, मी रोज बोलले असते तर?" डॉक्टर म्हणाले होते की पहाटेच, क्षणात गेले, कोणाला कळायला अवसरच नव्हता. तेच मी तिला सांगितलं. मला स्वतःला मात्र ते अजून पुरत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी कपाट आवरताना आम्हाला कागदाची एक गुंडाळी सापडली. आबांनी ते अख्खं गाव मोजणीच्या नकाशासारखं काढून ठेवलं होतं. चौक, खांब, पूल, टेकडी, सगळी नावं मराठीत आणि प्रत्येक गल्लीपुढे उतार दाखवणारा बाण. वैशालीने नदीकाठची आपली जुनी गल्ली बोटाने शोधली. मग पेन्सिल घेऊन तिने टेकडीच्या अंगाला एक चौकोन काढला. "हे माझं नवं घर, काका. त्यांना नीट दाखवायचं राहूनच गेलं." नकाशा तिने नेला नाही. माझ्याकडे दिला.

परवा बातम्यांत तिकडच्या पावसाचं ऐकलं. उठलो, नकाशा टेबलावर पसरला आणि नदीपासून तिच्या घरापर्यंत बोट फिरवत बाण मोजले. सगळे तिच्या घराकडून खाली नदीकडे उतरत होते. तरी राहवेना. मंगळवार होता, तिची कामाची वेळ होती. फोन लावला.

तिने लगेच उचलला. म्हणाली, "वरच आहे काका. घाबरू नका."