गेटवरचा बोर्ड आणि रईसचं बोट

रईस डाव्या हातानं जेवत होता. चमचा नीट धरता येत नव्हता, भात परत ताटात सांडत होता. उजवा हात टेबलाखाली होता. मी कॅन्टीनमधून सहज चालले होते, ते बघून थांबले.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडं गाड्यांचे रबरी पार्ट बनतात. रईस पठाण हा मोल्डिंग लाइनचा जुना ऑपरेटर. मोल्डिंगची प्रेस हायड्रॉलिक असते, म्हणजे तेलाच्या दाबावर चालते. हे तेल जाड होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, फिरतं. दाब इतका की ट्रक उचलावा.

"रईसभाई, हात दाखवा."

"काही नाय मॅडम. सकाळी घरी गेटची कडी टोचली."

"दाखवा तर."

त्यानं हात वर घेतला. तर्जनीच्या पेरावर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका होता. रक्त नाही, काही नाही. पण बोट सुजलं होतं, पांढुरकं पडलं होतं आणि त्याला ते वाकवता येत नव्हतं.

असा ठिपका मी एका ट्रेनिंगमध्ये फोटोत पाहिला होता. होजला बारीक भोक पडलं की त्यातून तेलाची धार सुटते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून, इंजेक्शनसारखं तेल आत सोडते. सुरुवातीला फार दुखत नाही. माणूस बोट पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल मांस सडवत जातं.

"तेल गेलंय का आत?"

रईसनं माझ्याकडं न बघता समोर बसलेल्या भगवान जाधवकडं बघितलं. जाधव त्यांचा लाइन लीडर. तो पटकन म्हणाला, "मॅडम, घरीच लागलंय त्याला. सकाळी आला तवाच बोट असं व्हतं."

आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं बंद झालं. सगळी मोल्डिंग लाइन तिथंच जेवत होती.

इथं गेटवरच्या बोर्डाबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या गेटवर एक मोठा हिरवा बोर्ड होता. 'अपघाताविना इतके दिवस.' सिक्युरिटीवाला रोज सकाळी त्यावरचा आकडा बदलायचा. हेड ऑफिसनं जाहीर केलं होतं की ठरलेला आकडा गाठला की लाइनवरच्या प्रत्येकाला मिक्सर. अपघात म्हणजे ज्यामुळं माणसाची हजेरी बुडते तो. त्याला आमच्या भाषेत एलटीआय म्हणतात, लॉस्ट टाइम इंज्युरी. एक एलटीआय झाला की बोर्ड शून्यावर. त्या वेळी आकडा अगदी तोंडाशी आला होता.

मी रईसशेजारी बसले. आवाज चढवला नाही.

"हे बघा. कडी लागली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि घरी जा. पण आत तेल गेलं असेल तर बोट आजच उघडून धुवावं लागतं. उशीर झाला तर कापावं लागतं. तुम्ही कडी म्हणालात तर डॉक्टर कडीचाच इलाज करतील. सांगा, काय सांगू त्यांना?"

रईसनं हात परत टेबलाखाली नेला.

जाधवनं ताट बाजूला सारलं. "तेलच हाय मॅडम," तो म्हणाला. "तीन नंबरची होज. आज सकाळी."

होजवर काही दिवसांपासून ओल होती. लिक कळवला की मेंटेनन्सवाले मशीन बंद करतात, मग टार्गेट जातं. म्हणून कुणीतरी चिंधी गुंडाळली होती. त्या दिवशी ओल वाढली, तेव्हा कुठून येतंय हे बघायला रईसनं होजवरून हात फिरवला. खरं तर लिक शोधायला होजपाशी पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा असतो, धार असेल तर तेल त्यावर उमटतं. हे आम्ही कुणालाच शिकवलं नव्हतं. आमचं ट्रेनिंग हेल्मेट, गॉगल आणि हातमोज्यांवर संपायचं.

पाच मिनिटांत गाडी काढली. तीन नंबरची प्रेस तेवढ्यात बंद करवली. गाडी जालना रोडला लागली तसा प्लांट हेड देशमाने सरांचा फोन आला.

"खरात मॅडम, घरीच लागलं असं म्हणतोय ना तो? मग तसंच सांगा. ट्रीटमेंट तर तीच."

"तीच नाही सर. फार वेगळी आहे."

"बरं," ते म्हणाले. " पोहोचलात की कळवा."

रईस खिडकीतून बाहेर बघत होता. "मेरी वजह से सबका मिक्सर गया ना मॅडम," तो म्हणाला. दुखणं आता चढलं होतं, तरी डोक्यात तेच.

उस्मानपुऱ्यातल्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं ठिपका पाहिला आणि ड्रेसिंगचं सामान मागवलं. मी म्हणाले, "हे हायड्रॉलिक तेल आहे, दाबानं आत गेलंय. हाताच्या सर्जनना बोलवा." त्याला ते पटायला थोडा वेळ लागला. सर्जन आले, बोट बघितलं आणि थेट थिएटर तयार करायला सांगितलं. दुपारी ऑपरेशन झालं. बोट तळहातापर्यंत उघडलं होतं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी बोट वाचवतो असं म्हटलं नसतं."

रईसची बायको नसीम बाकावर बसून होती. तिनं मला एकच विचारलं, "घरी लागलं म्हणून का सांगत होते हे? मी तर सकाळी बोट धडधाकट बघितलं होतं." मला तिला बोर्डाबद्दल सांगवेना.

दुसऱ्या दिवशी देशमाने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "त्याला आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवता येईल का? हजेरी लागली की एलटीआय नाही." असं बऱ्याच ठिकाणी चालतं. प्लास्टर घातलेली माणसं खुर्चीवर बसून पगार घेतात आणि बोर्ड हिरवा राहतो.

"सर, तो अॅडमिट आहे. बेडसकट आणायचा का?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "कळवा फॅक्टरी इन्स्पेक्टरला. बोर्ड शून्य करा."

नंतर मी जाधवला विचारलं, लपवायला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, "कुणीच नाय. पण बोर्ड खाली आला असता तर समदे त्याच्याकडंच बघत राहिले असते ना."

रईसचं बोट राहिलं, पण शेवटचं पेर पूर्ण वाकत नाही. तो आता इन्स्पेक्शन टेबलवर पार्ट तपासतो.

मिक्सरची योजना बंद झाली. लिक दिसला की ऑपरेटरनंच मशीन बंद करायचं आणि तेवढं टार्गेट माफ, असं ठरलं. पहिले काही आठवडे कुणीच काही कळवलं नाही. मग जाधवनं चार नंबरच्या होजवरची ओल सांगितली. देशमाने सरांनी त्याच दिवशी होज बदलवली आणि जाधवला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानंतर माणसं सांगायला लागली: निसरडी पायरी, मशीनचं तुटलेलं गार्ड, कापलेला अंगठा.

पुढच्या रिव्ह्यूत हेड ऑफिसचे साहेब स्क्रीनवर म्हणाले, "तुमच्याकडं इंज्युरी वाढल्यात. सेफ्टी प्रोग्राम फेल झालाय का?"

मी तोंड उघडण्याआधी देशमाने सर बोलले, "वाढल्या नाहीत सर. कळायला लागल्या."

आता मी कंपनीच्या दुसऱ्या प्लांटांच्या ऑडिटलाही जाते. जिथं वर्षभर कुणाला खरचटलंसुद्धा नाही असं सांगतात, तिथं मी बोर्ड वाचत नाही. आधी फर्स्ट-एडच्या पेटीतल्या बँडेजच्या पट्ट्या किती संपल्यात ते बघते.