दोनदा सरकलेलं पाणी

शकुन, कौल, भूत, नारळ... यातलं मी काहीही मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. त्यामुळे पुढचा मजकूर कुणी पुरावा म्हणून वापरू नये. घडलं ते क्रमाने देते. त्यातला न समजणारा भाग एक-दोन वाक्यांचा आहे. ज्याची लाज वाटते, तो भाग बराच मोठा आहे.

माझं काम दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या वातावरणाची मॉडेल्स बनवण्याचं. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्यापर्यंत येतो. त्यात कुठले रंग कमी पडले, यावरून तिथे कुठले वायू आहेत ते कळतं. गेल्या वर्षी मे महिन्यात मी मनीषनगरला आईकडे राहून काम करत होते. पीएचडी होऊन दीड वर्ष झालं होतं. एका ग्रहावर मला पाण्याची वाफ सापडली होती, पेपर जवळजवळ तयार होता आणि पुढची नोकरी त्या पेपरवर अवलंबून होती.

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीची बोअर आटली. नवी कुठे खोदायची हे पाहायला आईने तिच्या थोरल्या भावाला कन्हानहून बोलावलं. मामा पाणाड्या आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, अशी ती रीत. चाळीस वर्षं ते हे करत आले. मोबदला घेत नसत. आसपासच्या गावांत त्यांना मान होता, तो यामुळेच.

सोसायटीत माझी ओळख ‘सायंटिस्ट’ अशी. माझे मामा नारळ घेऊन पार्किंगमध्ये फिरणार, हे मला नको होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, आधी चाचणी घेऊ. दहा बादल्या, पाचांत पाणी, पाच रिकाम्या, सगळ्यांवर ताटं झाकलेली. मामांनी कुठल्या भरलेल्या ते सांगायचं.

“जमिनीतलं पाणी अन् बकेटीतलं पाणी एक नाही राहत, बाई,” मामा म्हणाले.

“पाणी म्हणजे पाणी, मामा. रेणू एकच असतो.”

“तू म्हणतेस तं करून पाहू.”

रविवारी सकाळी दहा वाजता पंचवीसेक लोक जमले. मामा प्रत्येक बादलीपाशी थांबत गेले. दहापैकी पाच उत्तरं बरोबर आली.

“अरे बाप्पा! नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते ना, भाऊ!” सेक्रेटरी म्हणाले. लोक हसले. मीही हसले. कुणीतरी केलेला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पडला; त्याखाली मी निकाल लिहिला — “१० पैकी ५. विषय संपला.” पुढे भूगर्भशास्त्राच्या एका जाणकाराने दाखवलेल्या जागी बोअर घेतली आणि तिथे पाणी लागलं. हे मुद्दाम नोंदवते.

चाचणीनंतर मामा जेवायला वर आले. डायनिंग टेबलच्या कोपऱ्यावर माझा लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर पेपरातला मुख्य आलेख होता. आई ताटं घेत होती.

“हे काय होय वं?” मामांनी विचारलं.

मी तीन-चार वाक्यांत सांगितलं. दूरचा ग्रह, त्याची हवा, त्यात पाणी.

मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी उजवा तळहात पडद्यापासून वीतभर अंतरावर धरला. दहा-बारा सेकंद. हात खाली घेतला.

“हे पाणी तिथलं नोहे. हे आपल्याच इथलं होय.”

“म्हणजे?”

“सरकलं आहे ते. एक खेप सरकवायचं होतं, दोन खेप सरकलं.”

“काय सरकलं, मामा?”

“ते मले काय माहीत? दिसलं ते सांगतलं.”

मी म्हटलं, “सकाळी दहापैकी पाच आले तुमचे. ग्रहांचं राहू द्या आता.”

आई वरण वाढताना थांबली. “काहून अशी बोलतेस वं मोठ्या माणसाले?” मामा म्हणाले, “राहू दे, खरंच तं बोलली थे.” पानातलं सगळं संपवून ते दुपारच्या बसने गेले.

चार दिवसांनी पेपर पाठवायचा होता. आदल्या संध्याकाळी मी कोड उघडला. नेहमीची तपासणी होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मी फक्त एक गोष्ट शोधत होते — दोनदा काय झालं असेल.

दुर्बीण जमिनीवर असल्याने तिच्या नोंदींत पृथ्वीच्या हवेतलं पाणीही उमटतं. पृथ्वी सतत फिरत असते, म्हणून त्या वेगाच्या हिशेबाने सगळ्या नोंदी थोड्या सरकवून घ्याव्या लागतात. ही दुरुस्ती एकदाच करायची. माझ्याकडे आलेल्या फायलींत ती आधीच केलेली होती. माझ्या कोडने ती पुन्हा केली. त्यामुळे पृथ्वीच्या पाण्याचा उरलासुरला ठसा नेमका ग्रहाचं पाणी दिसायला हवं तिथे जाऊन बसला होता. एक ओळ काढली, कोड पुन्हा चालवला. ग्रहावरचं पाणी नाहीसं झालं.

आमच्या संशोधन-ग्रुपच्या सरांना मेल लिहिला : “सहज पुन्हा तपासताना शंका आली.” सरांनी ग्रुपच्या बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेणं यालाच विज्ञान म्हणतात, असं ते म्हणाले. शिफारसपत्रातही त्यांनी हा प्रसंग घातला. आजची नोकरी मला त्या पत्रावर मिळाली. मुलाखतीत मला विचारलं होतं, “चूक लक्षात कशी आली?” मी सात मिनिटं बोलले. मामांचा उल्लेख केला नाही.

शक्यता तपासल्या आहेत. त्या दुरुस्तीबद्दल मामांसमोर मी बोलले नव्हते. घरी कुणाशीच बोलले नव्हते. आलेखावर तसा शब्द नव्हता. रागाने केलेला अंदाज? पाणी नाही, एवढा अंदाज करता येतो. पण ते आपल्याच इथलं, आणि दोनदा सरकलेलं? बरं, ज्यांना बादलीतलं पाणी कळलं नाही त्यांना... इथे येऊन मी थांबते.

दिवाळीनंतर आईकडून कळलं की तो व्हिडिओ कन्हानपर्यंत गेला होता. एका शेतात मामा पोहोचले तेव्हा बांधावरून कुणी ओरडलं, “आले पाच नंबरवाले!” त्यानंतर मामांनी पाणी पाहणं बंद केलं.

मी कन्हानला गेले. मामा अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं : ओळ, मेल, मुलाखत. शेवटी मामा म्हणाले, “मंग तुया साहेबाले सांगतलं काय, हे कोणं सांगतलं म्हणून?”

“नाही, मामा.”

“बरं केलं. हासले असते तुले.”

आणि त्यांनी सोललेल्या दाण्यांची परडी माझ्याकडे सरकवली, खा म्हणून.

सोसायटीच्या ग्रुपवर माझं ‘विषय संपला’ हे वाक्य अजून आहे. त्याखाली, माझी चूक मामांनी दाखवली, हे दुसरं वाक्य लिहायला मी तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा ठेवून दिला. ते इथे लिहिते आहे — जिथे खाली नाव द्यावं लागत नाही.