ताटातलं पाणी

त्या शहरातल्या कॅरॅव्हॅनच्या मैदानावर तिला सगळे ताटवाली मावशी म्हणत. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला आणि हातात स्टीलचं ताट. नवी गाडी येऊन थांबली की ही ताटात बोटभर पाणी घेऊन दारात हजर.

आम्ही सकाळी नऊला पोचलो, तेव्हा ऊन भाजत होतं आणि अंगाला कपडे चिकटत होते. भाड्याने घेतलेलं ते चाकांवरचं घर यांनी एका मोठ्या झाडाखाली लावलं. सावली मिळाली म्हणून कोण खूश! एक चाक झाडाच्या मुळावर चढलं होतं, पण तिकडे कोण बघतंय. हे मागे पाण्याची नळी जोडायला गेले आणि दार वाजलं.

"ताई, हे ताट जरा आत जमिनीवर ठेवा. पाणी एका अंगाला जातंय का बघू. गाडी तिरकी असली की हा गॅसवरचा फ्रीज गार करत नाही."

"नंतर बघू हं मावशी. रात्रभर प्रवास झालाय."

"नंतर म्हणजे फ्रीज तापल्यावर?" ती हसत म्हणाली.

मला ते हसणं आगाऊपणाचं वाटलं. मी दार लावून घेतलं.

आमची लेक नऊ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला रोज इन्सुलिन लागतं. पुढच्या सहा दिवसांचा सगळा साठा त्या फ्रीजमध्ये होता. सकाळचं इंजेक्शन देऊन आम्ही घर बंद केलं आणि बाजार बघायला गेलो.

तीनला परतलो. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. लेकीने फ्रीजमधून दूध काढलं आणि म्हणाली, "आई, आज दूध तापवायला नको, आपोआप तापलंय."

इन्सुलिनची डबी हातात घेतली तर तीही कोमट. आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "किती तास तापलं ते कळत नाही ना? मग वापरू नका. नवीन घ्या, आणि लगेच." लेकीची साखर मोजली, दोनशे ब्याऐंशी. बाजारात आइस्क्रीमचा हट्ट पुरवला होता, तो आता अंगाशी आला.

गाडीच्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, गाडी तिरकी असेल, ते बघायला तिथे ताटवाली मावशी असते; तसे हे तणतणत मावशीकडे गेले. मीही पाठोपाठ. न्हाणीघरांमागे तिची एक खोली होती. बाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या.

"तिरकं लावलं तर फ्रीज बंद पडतो, हे सांगायचं कुणी? तुमचं कामच आहे ना ते?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खाली बघितलं. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन सांगत होतं, पण मी दोरीवरची चादर सारखी करत राहिले.

"आधी औषधाचं बघू," ती म्हणाली. "भांडण कुठे पळून जात नाही."

हे लेकीजवळ थांबले. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो यांच्या फोनमध्ये होता, तो फोन घेऊन मी मावशीच्या स्कूटरवर मागे बसले. मांडीवर तिने दिलेला बर्फाचा थर्मास. नेमका तो बऱ्याच औषधांच्या दुकानांचा सुट्टीचा दिवस. पहिलं दुकान बंद. दुसऱ्या दुकानात होतं ते वेगळंच इन्सुलिन. सिग्नलला थांबलो की मी देवाचं नाव घ्यायला जायची आणि मधेच अडखळायची. खरं दडवून त्याच्याकडे मागायचं कसं?

माझं मन रमवायला म्हणून असेल, मावशी बोलत राहिली. वडील गवंडी. लहानपणी ती त्यांच्या हाताखाली दोरी धरायची. "म्हणायचे, डोळ्यावर भरवसा ठेवू नको, पाण्यावर ठेव. पुढे नवरा गेला नि इथे न्हाणीघरं धुवायला लागले. बारा वर्षं झाली. ताट मला कुणी सांगितलेलं नाही हो. तिरकं दिसलं की मला जेवण जात नाही."

"लोक ऐकतात?"

"निम्मे हाकलतात," ती म्हणाली.

तिसरं दुकान इस्पितळातलं. तिथला माणूस फोटो बघून मान हलवायला लागला. "कागद लागेल बाई, मूळ कागद."

"भाऊ, कागद हिच्या गावाला आहे, पोरगी माझ्या दारात आहे," मावशी म्हणाली. "हा डॉक्टरांचा नंबर. लावा फोन. मी हलत नाही इथून."

त्याने फोन लावला. पाच मिनिटांनी डबी मिळाली. "बर्फाला टेकवू नका, गोठलं तरी वाया जातं," त्याने बजावलं. मावशीने खांद्यावरचा पंचा काढून डबीला गुंडाळला.

लेकीला इंजेक्शन दिलं. दोन तासांनी परत मोजायचं होतं. तोवर हे आणि मावशी गाडी सरळ करायला लागले. ताट आत जमिनीवर. मी पाण्याकडे बघून सांगायची आणि हे खालच्या चाकाखाली फळी सरकवून गाडी तिच्यावर चढवायचे.

"सकाळीच सांगितलं असतंत मावशी, तर पोरीवर ही वेळ आली नसती," हे पुन्हा म्हणाले. या खेपेला आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"अहो," मी म्हणाले, "त्या सकाळीच आल्या होत्या. हेच ताट घेऊन. फ्रीजचंही सांगितलं. मी दार लावलं."

यांनी हातातली फळी खाली टाकली. मग म्हणाले, "आणि मघाशी तू गप्प उभी होतीस?"

"हो."

मावशीने दारातून डोकं आत घालून ताटाकडे बघितलं.

"साहेब, डावीकडे अजून एक फळी लागेल."

यांनी फळी उचलली. माझ्याकडे बघितलं नाही. त्या रात्री जेवतानाही बोलले नाहीत, आणि ते मला मान्य होतं.

त्याआधी, संध्याकाळी सातला, लेकीने स्वतःच बोट टोचलं. मी डोळे मिटून घेतले.

"एकशे चौसष्ट!" ती ओरडली. "मावशी, सरळ झालं का तुमचं पाणी?"

"झालं गं बाई," म्हणत मावशीने ताट उचललं आणि पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. फाटकातून नवी गाडी आत येत होती. ती ताट भरायला नळाकडे निघाली.