घरून नेलेलं पाणी

रोह्याच्या त्या बंगल्यात पाणी साठवायला टाकी नाही, आणि नळाला पाणी सकाळी सहा ते सात येतं. मी साइटवर पोचतो नऊला. म्हणून मी रोज घरून दोन कॅन पाणी भरून नेत होतो, आणि त्या पाण्याने मी आठ दारं घासली. चूक एवढीच. ती माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी एका सरळ माणसाचं दुकान बुडवायच्या बेतात आलो होतो.

मी पेंटर. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. घर वडखळजवळ, खाडीच्या अंगाला. आजोबा मिठागरावर होते, वडीलही मिठागरावर. म्हणजे मीठ काय काय करू शकतं हे मला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझी दया येणार नाही.

लोकांना वाटतं, रंगकाम म्हणजे ब्रश. लाकडाच्या कामात ब्रश चार आणे, घासकाम बारा आणे. आधी प्रायमर. मग लांबी, म्हणजे खाचा-खड्डे बुजवायची पुट्टी. ती वाळली की घासायचं. मग रंगाचा पहिला हात. आमच्यात कोटाला हात म्हणतात. पहिला हात वाळला की त्यावर बारीक रवा लागतो. धूळ बसलेली असते, ब्रशचा एखादा केस चिकटलेला असतो. ते सगळं वॉटर पेपरने काढायचं. वॉटर पेपर म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिश पेपर. पाण्यामुळे धूळ उडत नाही, पेपर भरत नाही, आणि दार साबणाच्या नव्या वडीसारखं गुळगुळीत होतं. मग फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं, आणि शेवटचा हात मारायचा.

महिना मे. आमच्या बोअरचं पाणी थंडीत बरं असतं. होळी झाली की ते फिरायला लागतं, आणि मेमध्ये त्यात डाळ शिजत नाही. आम्ही ते धुण्याभांड्याला वापरतो, प्यायचं वेगळं भरतो. मला दारं घासायची होती, डाळ शिजवायची नव्हती. एवढाच विचार मी केला. एवढाही केला नसता तरी चाललं असतं.

बंगला शिर्केसाहेबांचा. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. प्रत्येक दारावर टॉर्च आडवा धरून बघायचे. उजेड आडवा पडला की घासकामातली चोरी दिसते. माझी काही सापडली नाही. शनिवारी शेवटचा हात पुरा केला. ऑफव्हाइट रंग, आरशासारखा. मी स्वतःच फोटो काढून चार जणांना पाठवले.

रविवारी दिवसभर ढग आणि उकाडा. सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

"दिनेश, दारांना घामोळं आलंय."

जाऊन बघितलं तर शब्द बरोबर होता. सगळीकडे बारीक फोड. हात लावला तर चिकट. नख घातलं तर रंग दुधाच्या सायीसारखा वर आला, वीतभर पट्टी सरळ हातात. खाली पहिला हात तसाच्या तसा. म्हणजे वरच्या हाताने खालच्याला धरलंच नव्हतं.

रंग बिघडला की आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेंटर म्हणतो रंग खराब, दुकानदार म्हणतो पेंटर खराब, कंपनी म्हणते हवा खराब. मी रीत पाळली. पट्टी कागदात गुंडाळली आणि मंगळवारी सकाळी पेणला रामवाडीत हरेशच्या दुकानात गेलो.

हरेश आमच्याच खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या गावांतला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आधी नुसतं हार्डवेअर विकायचा. दोन वर्षं मागे लागून लागून त्याने रंग कंपनीची एजन्सी मिळवली आणि शेड बनवायचं मशीन आणलं. या मशीनमध्ये पांढरा डबा दुकानातच उघडतात, त्यात कॉम्प्युटर मापून रंग सोडतो, मग डबा बंद करून हलवतात. आजकाल गिऱ्हाईक येतं ते या मशीनसाठी. ते नसेल तर पुन्हा खिळे आणि बिजागऱ्या. पण डबा दुकानात उघडतो म्हटल्यावर संशय घ्यायला जागा असते, आणि मी ती घेतली.

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. हरेशची आई जनाकाकी नेहमीसारखी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसलेली. मी पट्टी काउंटरवर आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डब्यात काय मिसळतोस रे?"

हरेशचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "त्याच बॅचचे वीस डबे गेलेत, दिनेशदादा. बाकी कोनाची तक्रार नाय."

"बाकीच्यांना डोळे नसतील," मी म्हणालो.

दोन गिऱ्हाइकं काही न घेता निघून गेली. जनाकाकी माझ्याकडे बघत राहिली. हरेशने माझ्यासमोरच कंपनीच्या साहेबाला फोन लावला आणि येऊन बघून जा म्हणाला. त्याच्या फाइलला आधीची एक तक्रार होती, शेड जुळली नाही म्हणून. दुसरी लागली तर कंपनी मशीन उचलून दुसऱ्या दुकानाला देणार होती. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मला माझी अठ्ठावीस वर्षं दिसत होती, त्याची दोन नाही.

गुरुवारी साडेदहाला तांबेसाहेब रोह्याला आले. कंपनीचे टेक्निकल ऑफिसर. फोड बघितले, फोटो काढले, पट्टी सोलून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मला विचारलं, लाकूड ओलं होतं का, थिनर कुठला, दोन हातांत अंतर किती. मी सगळी उत्तरं चोख दिली. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तक्रारीच्या फॉर्मवर मी सही केली.

साहेब म्हणाले, "कोलाडला जेवतो आणि तिथूनच रिपोर्ट सबमिट करतो. पुढे महाडची साइट आहे."

मी विचारलं, दुकानाचं काय होईल. ते म्हणाले, "एकदा सबमिट झालं की माझ्या हातात काही राहत नाही."

ते गेले. मी कामाला लागलो. आता सगळा वरचा हात सोलून पुन्हा घासायचं होतं, त्यासाठी मी त्या दिवशीही दोन कॅन भरून आणले होते. माणूस इतका तयारीचा असावा.

एकेक दार सोलत गेलो. हॉल, बेडरूम, किचन. आठही दारं केळ्यासारखी सोलली गेली. मग स्टूलावर चढून माळ्याच्या दोन झडपांना हात घातला. नख लागेना. पत्र्याची पट्टी घातली, तर रंगाचा भुगा पडला पण पापुद्रा सुटला नाही. फोड नाही, चिकटपणा नाही. रंग एकदम टणक.

मी स्टूलावर उभा राहून विचार केला. डबा तोच. ब्रश तोच. दिवस तोच. हवा तीच. मग झडपांना वेगळं काय मिळालं?

त्यांना काहीच मिळालं नव्हतं. घासकामाच्या शेवटच्या दिवशी कॅन रिकामे झाले होते आणि कंटाळा करून मी झडपा सुक्या पेपरने घासून मोकळा झालो होतो.

स्टूलावरून उतरलो. सोललेल्या दारावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. असलं कुणी करू नये. पण त्या क्षणी मला दुसरी लॅबोरेटरी सुचली नाही. खारट. कॅनचं झाकण काढून बोट बुडवलं. तेही खारट. पाणी उडून गेलं होतं, मीठ दारावर राहिलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, टॉर्चलाही दिसलं नाही. वर मी रंग मारला. मीठ हवेतलं पाणी ओढतं. दमट दिवसांत बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच ते रंगाखाली पाझरलं होतं.

घड्याळात साडेबारा. तांबेसाहेबांचा नंबर माझ्याकडे नव्हता. नंबर होता हरेशकडे.

फोन लावला. साहेबांचा नंबर हवा म्हणालो. कशाला, विचारलं त्याने. मी म्हणालो, "तुझंच काम हाय."

"माझं काम तू मंगळवारी केलंस," हरेश म्हणाला आणि फोन ठेवला. पण मिनिटभरात नंबर आला.

तीनदा रिंग गेली. उचलला नाही. पाण्याची बाटली कॅनमध्ये बुडवून भरली, झडपेचा व्हिडिओ काढला आणि बाइकला किक मारली. रोहा ते कोलाड काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक ट्रक माझ्याच पुढे होता. वाटेत मी खरं बोलायची तालीम केली. पहिल्या तालमीत पाणी टँकरवाल्याने फसवून दिलं होतं. दुसऱ्यात शिर्केसाहेबांनीच ते वापरायला सांगितलं होतं. तिसरीत मला आधीपासून संशय होता. चौथी जुळवेपर्यंत कोलाड आलं.

पहिल्या हॉटेलसमोर गाडी नव्हती. दुसऱ्यासमोर नव्हती. तिसऱ्यासमोर होती. आत साहेबांचं ताट उचललेलं, समोर सोलकढीचा पेला आणि हातात मोबाइल.

मी म्हणालो, "साहेब, तक्रार मागं घेतो. चूक माझी आहे."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला नाही. "माझा नंबर कोणी दिला?"

"हरेशने."

"मग बरोबर. सकाळी सही करता, दुपारी मागे घेता. डीलरने दम दिला ना? हे पण रिपोर्टमध्ये घालतो."

मी त्याला वाचवायला आलो होतो आणि दोन वाक्यांत त्याला आणखी खोल घातला होता. चारही तालमी विसरलो. नळ सहाला येतो, मी नऊला येतो, इथून सुरुवात करून सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. साहेबांचा चेहरा हलेना. मग मी बाटलीतलं पाणी त्यांच्या रिकाम्या ग्लासात ओतलं.

"जिभेला नुसतं लावून बघा."

त्यांनी लावलं नाही, घोटच घेतला. आणि दुसऱ्या क्षणी तो केळीच्या कुंडीत थुंकला. वेटर धावत आला.

"हे पाणी तुम्ही रंगाखाली लावलंत?"

"आठ दारांना."

"किती वर्षं काम करताय म्हणालात?"

मी खरा आकडा सांगितला. खोटा कमी सांगायचा मोह झाला होता.

त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली, बाटली सीलबंद करून स्वतःकडे ठेवली. सकाळचा फॉर्म रद्द केला आणि नव्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: पेंटरची चूक. खाली माझं पूर्ण नाव. हरेशच्या फाइलला काही लागलं नाही. मशीन जागेवर राहिलं.

मग शिर्केसाहेबांना सांगितलं. त्यांनी बंगल्याची जास्तीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "नळ सहाला येतो." पुढचे आठ दिवस मी पावणेसहाला तिथे होतो. दारं गोड्या पाण्याने तीन-तीनदा पुसली, वाळवली, पुन्हा घासली, पुन्हा रंगवली. आता घामोळं नाही. धडा एवढाच, की जे पाणी तोंडात धरवत नाही ते रंगालाही दाखवू नये.

काम संपल्यावर शनिवारी पेणला गेलो. खरं सांगायचं तर थोडा छाती काढूनच गेलो. कोलाडपर्यंत धावलो होतो, स्वतःचं नाव लिहून दिलं होतं. हरेश चहा मागवेल असं वाटलं होतं. दुकानात गर्दी होती. हरेशने मला मागितलेले वॉटर पेपरचे दोन शीट दिले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी जनाकाकीजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "काकी, शेवटी खरं सांगून टाकलं मी."

काकीने मला खालून वर बघितलं.

"सांगलास, व्हय. खोटं बोलाला दुकानात येऊन वरडलास, नि खरं बोलाला कोलाडच्या हाटेलात गेलास. आता गिऱ्हाईक हाय, हितंच उभा रहा नि वरड."